खिडकीला पडदा की ब्लाइंड? आधी सूर्याला विचारा



नवीन फ्लॅटची किल्ली हातात आली, वास्तुविधान झालं, पाहुणे जेवून गेले, की घरात पहिला वाद कशावरून होतो सांगू? खिडक्यांना काय लावायचं यावरून. सूनबाईंनी मोबाईलवर झेब्रा ब्लाइंड पाहिलेलं असतं. सासूबाईंना वाटतं, दोन पदरी पडदे हवेत, त्याशिवाय घराला भरलेपण नाही. घरमालक म्हणतात, काहीही लावा पण लवकर लावा, समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतंय. मग दुकानदार घरी येतो, टेप लावतो आणि सगळ्या खिडक्यांना एकाच रंगाचा एकच प्रकार सुचवून जातो. कारण त्याला ते सोपं पडतं.

गेल्या वर्षभरात चार-पाच जणींनी मला हाच प्रश्न विचारला. प्रत्येकीला फोनवर थोडं थोडं सांगितलं, आज एकत्र लिहिते. माझं म्हणणं थोडक्यात असं: खिडकीला काय लावायचं हे आधी सूर्यानं ठरवावं, मग घरात येणाऱ्या-जाणाऱ्या जिवांनी, मग घरातल्या लहानमोठ्या माणसांनी. सोफ्याच्या रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी. आणि स्वयंपाकघराची खिडकी हा तर स्वतंत्रच विषय आहे. तिथे मी कुणाचंही ऐकणार नाही.

एका खिडकीचा सूर्य दुसरीला लागू नाही

आपण कोल्हापूरकर. पश्चिमेचा सूर्य काय करतो हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यापर्यंत पोचतात. या दोन्ही वेळा डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसापासून सारख्याच अंतरावर आहेत, एक सहा आठवडे आधी आणि एक सहा आठवडे नंतर. म्हणजे सूर्य त्याच जागी परत येतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांना दरवाजा आणि सूर्य यांचं नातं कळत होतं. आपण मात्र पंचवीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतो आणि कुठल्या खिडकीत किती वाजता ऊन येतं हे पाहायच्या आत ब्लाइंडची ऑर्डर देऊन मोकळ्या होतो.

किरणोत्सवातून एक साधी गोष्ट घ्यायची. मावळतीचा सूर्य खाली उतरलेला असतो, त्याची किरणं जवळजवळ आडवी येतात. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीला वरचा छज्जा कितीही मोठा असला तरी संध्याकाळी त्याचा उपयोग नसतो. ऊन छज्जाच्या खालून थेट आत शिरतं. तिथे खिडकीवरच काहीतरी हवं. दक्षिणेच्या खिडकीचं उलटं आहे. आपल्याकडे २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. त्यामुळे भर पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य साधारण पन्नास अंशांवर, दक्षिणेला असतो. तेव्हाचं ऊन छान आत येतं, आणि ते हवंसंही असतं.

यावरून एक ढोबळ हिशेब निघतो. दक्षिणेच्या खिडकीला आडव्या पट्ट्यांचं ब्लाइंड, म्हणजे ज्याला दुकानात व्हेनेशियन म्हणतात ते, बरं पडतं. पट्ट्या थोड्या कलत्या केल्या की वरून येणारं ऊन अडतं आणि उजेड छताकडे जातो. पूर्व-पश्चिमेला ऊन आडवं आणि बाजूनं येतं, तिथे उभ्या पट्ट्या किंवा सरळ खाली येणारं रोलर जास्त कामाचं. उत्तरेच्या खिडकीला बहुतेक वेळा पातळ सुती पडदा पुरतो. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा आणि शांत असतो. त्याला जाड कापडानं झाकणं म्हणजे फुकट मिळालेली गोष्ट परत करणं.

उन्हाळ्यातल्या उष्णतेबद्दल एक गैरसमज आहे. जाड, गडद, काळोख करणारं ब्लाइंड लावलं की खोली थंड राहील असं वाटतं. पण ब्लाइंड काचेच्या आतल्या बाजूला असतं. ऊन काचेतून आत आलेलंच असतं. गडद कापड ते शोषून घेतं, तापतं आणि तीच उष्णता खोलीत सोडतं. म्हणून पश्चिमेला ब्लाइंड लावायचंच असेल तर बाहेरची बाजू पांढरी असलेलं घ्या, निदान काही ऊन काचेतूनच परत जाईल. आणि खरंच गारवा हवा असेल तर अडसर काचेच्या बाहेर हवा. आपल्या जुन्या घरांत सोप्यावर बांबूच्या काड्यांची चिक असायची, कडक उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे ओले करून टांगायचे. ऊन भिंतीला लागायच्या आतच अडायचं. आजही गॅलरी असेल तर तिच्या बाहेरच्या कडेला बुरुडाकडून करून घेतलेली चिक लावा. आतल्या महागड्या ब्लाइंडपेक्षा ती जास्त गारवा देईल.

स्वयंपाकघराची खिडकी झाकू नका

आता माझ्या हट्टाच्या विषयाकडे येते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यातली शेवटची आलोकितपानभोजन. म्हणजे सूर्याच्या उजेडात, नीट पाहून अन्नपाणी घेणं. आपण रात्रीभोजनत्यागाचं बोलतो तेव्हा फक्त घड्याळाचं बोलतो. सूर्यास्त किती वाजता, त्याच्या आधी दोन घडी म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं किती वाजता. पण व्रताच्या शब्दात घड्याळ नाही, आलोक आहे. उजेड आहे. दिसणं आहे.

आता सध्याची नवी स्वयंपाकघरं पाहा. खिडकीच्या निम्म्या भागात एक्झॉस्ट किंवा पाण्याच्या मशीनचा पाइप. उरलेल्या भागाला समोरून दिसू नये म्हणून गडद ब्लाइंड. ते कायम खाली. कट्ट्यावर दुपारी दोनलासुद्धा ट्यूबलाइट. या उजेडात आपण तांदूळ निवडतो, पालेभाजीची पानं उलटून पाहतो, पिठात काही आहे का बघतो. डोक्यावर दिवा आणि आपण त्याच्याकडे पाठ करून उभ्या, म्हणजे आपलीच सावली ताटात. भाजीच्या देठाशी बसलेली हिरवी अळी दिवसाच्या बाजूच्या उजेडात जशी दिसते तशी या उजेडात दिसत नाही. दुपारी बारालासुद्धा आपण दिव्याच्या उजेडातच स्वयंपाक करणार असू, तर दिवसा जेवण्याचा नियम आपण निम्माच पाळतो असं मला वाटतं. कुणाला हे कठोर वाटेल. पण विचार करून पाहा.

दुसरी गोष्ट वेळेची. कोल्हापुरात जूनअखेरीस सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. जवळजवळ सत्तर मिनिटांचा फरक. हिवाळ्यात दोन घडी आधी जेवण आटपायचं म्हणजे सव्वापाचच्या आत ताटं उचलायला हवीत. मुलं शाळेतून आलेली, घरातले ऑफिसमधून आलेले किंवा यायचे, आणि आपण घाईत. त्या घाईत खिडकीबाहेरचा उजेड दिसणं फार मोठी मदत असते. पूर्वी घरातल्या म्हाताऱ्या बायका भिंतीवरचं ऊन पाहून सांगायच्या, 'आता आटपा गं.' ब्लाइंड खाली ओढलेल्या घरात दिवस कधी मावळला हे मोबाईलनं सांगावं लागतं. लहान मुलांना तर सूर्यास्त म्हणजे कॅलेंडरावरचा आकडा वाटतो. व्रत मुलांच्या अंगी लागायचं असेल तर त्यांना मावळतीचा उजेड घरातून दिसायला हवा, नुसता आकडा पाठ होऊन भागत नाही.

अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पश्चिमेच्या स्वयंपाकघरात हिवाळ्यात नेमक्या साडेचार-पाचला सूर्य थेट डोळ्यांत येतो. फोडणी द्यायची तर डोळे मिटावे लागतात. आणि समोरच्या घरातून आपण दिसतो, हेही आवडत नाही. यावर तीन उपाय आहेत.

पहिला, खालच्या अर्ध्या भागालाच पडदा. खिडकीच्या मध्यावर एक बारीक दांडी, तिला पांढरा सुती पडदा. कट्ट्याशी उभ्या असलेल्या बाईचं काम झाकलं जातं आणि वरून उजेड येतच राहतो. खर्च अगदी थोडा.

दुसरा, सनस्क्रीन प्रकारचं रोलर. त्याच्या कापडाला बारीक छिद्रं असतात. दुकानदार त्याला टक्क्यांत सांगतात, तीन टक्के, पाच टक्के, दहा टक्के. आकडा जितका मोठा तितकी छिद्रं जास्त, तितका उजेड जास्त. स्वयंपाकघराला दहाचं घ्या. डोळ्यांत येणारं ऊन मऊ होतं आणि बाहेरचा दिवस दिसत राहतो. एवढं मात्र लक्षात ठेवा, रात्री आत दिवा लावला की या कापडातून बाहेरच्याला आतलं दिसतं.

तिसरा, काचेला खालच्या भागात दुधी फिल्म लावणं. धुवायला काही नाही, धूळ साठायला घडी नाही.

कुठलाही करा, पण कट्ट्यासमोर काळोख करणारं ब्लाइंड लावू नका. आणि एक इंची पट्ट्यांचं व्हेनेशियन तर मुळीच नको. पाच फूट उंचीच्या खिडकीत अशा सत्तरएक पट्ट्या बसतात. प्रत्येकीला दोन बाजू. फोडणीचा तेलकट थर त्यांच्यावर बसतो, त्यावर धूळ, त्यावर बारीक किडे चिकटतात आणि तिथेच मरतात. दर आठवड्याला दीडशे बाजू पुसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती स्पष्टच बोलते. घरातली बाई दिवसाचे चार-पाच तास त्या खिडकीसमोर उभी असते. दिवाणखान्याच्या खिडकीसाठी आपण तीन दुकानं फिरतो आणि स्वयंपाकघराला उरलेल्या कापडाचा तुकडा लावतो. समोरच्याला दिसू नये म्हणून तिचा उजेड बंद. तिला आभाळ दिसावं, समोरच्या झाडावरची चिमणी दिसावी, हा विचार घराच्या खर्चाच्या यादीत कुठेही नसतो. तो घाला.

पडद्याआड कोण राहतं?

बऱ्याच जणी म्हणतात, पडद्यापेक्षा ब्लाइंड बरं, चुण्या नसतात, किडे लपत नाहीत. यात तथ्य आहे. जाड चुण्यांचे, जमिनीवर लोळणारे पडदे म्हणजे कोळी, झुरळ, पाल यांची धर्मशाळा. ज्यांच्या घरी कुणाला दमा किंवा धुळीचा त्रास आहे त्यांच्यासाठी पुसता येणारं गुळगुळीत ब्लाइंड नक्कीच चांगलं.

पण ब्लाइंडमध्ये जीव लपत नाहीत हे खरं नाही. रोलर जिथे गुंडाळलं जातं ती वरची पेटी अंधारी आणि कोरडी असते. तिथे कोळी जाळं करतो, पाल अंडी घालते. कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. आणि आपण सकाळी उठून झर्रकन साखळी ओढतो. कापडावर रात्री बसलेला जीव गुंडाळीत चिरडला जातो आणि आपल्याला कळतही नाही. महिन्यानं कापडावर डाग दिसतो तेव्हा आपण म्हणतो, कसला डाग गं हा?

अहिंसाव्रताच्या त्याच पाच भावनांमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून. मुनिमहाराज पिंछीनं जागा पुसून मगच कमंडलू ठेवतात ते आपण पाहतो, नमस्कार करतो. घरात त्याची छोटी आवृत्ती करता येते. ब्लाइंड ओढण्याआधी वरून खाली एक नजर टाका, मऊ कुंचा हलकेच फिरवा, मग सावकाश ओढा. अर्धा मिनिट जातो. मुलांना हे काम द्या, त्यांना शोधायला आवडतं. सापडलेला कोळी कागदावर घेऊन गॅलरीत सोडला की त्यांना दिवसभर सांगायला गोष्ट मिळते. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप मात्र जाळ्यावर थेट लावू नका. आधी जाळ्यात कुणी आहे का ते पाहा.

ब्लाइंड घेताना वरची पेटी बंद आहे की उघडी हे विचारा. पूर्ण बंद, कडेला फट नसलेली पेटी बरी. किंवा पूर्ण उघडा रोलर बरा, सगळं दिसतं आणि पुसता येतं. अर्धवट झाकलेला प्रकार सगळ्यात वाईट. पेल्मेटचंही तसंच. वरून उघडं लाकडी पेल्मेट म्हणजे धुळीचा कोनाडा.

पडद्याचा आणि ब्लाइंडचा एक उपयोग आपल्यासाठी खास आहे, तो कुणी दुकानदार सांगत नाही. पावसाळ्यात दिवेलागणीला खिडकीतून बाहेर पडणाऱ्या उजेडाकडे पाखरं झेपावतात. पहिल्या पावसानंतर तर पंखवाल्या वाळवीचे थवेच्या थवे येतात आणि सकाळी दिव्याखाली पंखांचा सडा असतो. दिवा लावायच्या आधी खिडकी झाकली तर उजेड बाहेर जात नाही आणि ते जीव आपल्याकडे ओढलेच जात नाहीत. म्हणून दिवाणखाना आणि मुलांची अभ्यासाची खोली इथे मी घट्ट विणीचं, उजेड अडवणारं कापड सुचवेन. जिथे रात्री दिवे जळतात तिथे. सोबत पांढऱ्या निळसर दिव्याऐवजी पिवळसर दिवा लावा, त्याच्याकडे किडे कमी येतात. आणि मच्छरजाळीला पर्याय नाही, ती आधी, बाकी सगळं नंतर.

म्हणजे बघा, दिवसा उजेड आत येऊ द्यायचा आणि रात्री उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही. आपल्या घराच्या खिडकीचं काम या एका वाक्यात येतं. दुकानात गेल्यावर प्रत्येक नमुन्याला हे एवढंच विचारा.

कापड कुठून आलं?

रेशमी साडीबद्दल आपल्यात बोलणं होतं. देवपूजेला रेशीम नको म्हणणारी घरंही बरीच झाली. पण पडद्याच्या रेशमाकडे लक्ष जात नाही. 'रॉ सिल्क' म्हणून भारी पडदे मिळतात. त्यात काही नुसतेच नावाचे, पॉलिस्टरचे असतात, काही खरे. खरं रेशीम काढताना कोशातल्या जिवासकट कोश उकळत्या पाण्यात टाकतात. एक किलो कच्च्या रेशमाला असे हजारो कोश लागतात. आंध्रच्या हातमाग खात्यात काम केलेल्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडून गेल्यानंतरच्या कोशापासून धागा काढण्याची पद्धत रुजवली, त्याला अहिंसा सिल्क म्हणतात. पण ते महाग, आणि खिडकीत उन्हानं रेशीम विरतंच. खिडकीला रेशीम हवंच कशाला?

लाकडी ब्लाइंड घेणाऱ्यांनी पॉलिश कसलं आहे ते विचारावं. सुताराच्या पारंपरिक पॉलिशमध्ये चपडा लाख असते आणि लाख हा किड्यांपासून मिळणारा पदार्थ आहे. त्याऐवजी दुसरं पॉलिश मिळतं, मागितलं तर मिळतं.

आणि सुती कापडासाठी लांब जायची गरज काय? आपल्यापासून तासाभरावर इचलकरंजी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, आणि आज त्या गावाची ओळखच माग अशी आहे. आपल्या समाजातली कित्येक घरं त्या धंद्यात आहेत. साधं, घट्ट विणीचं, पांढरं किंवा फिक्या रंगाचं सुती कापड मीटरवर घ्या, ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्या. हिशेब सोपा आहे. खिडकी चार फूट रुंद असेल तर चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे आठ फूट रुंदीचं कापड हवं. चोपन्न इंची पन्ह्याचे दोन पाट आरामात पुरतात. शिवण्याआधी कापड धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्याला पडदा आखडून गुडघ्यावर येतो.

ब्लाइंडचा भाव चौरस फुटावर असतो. चार बाय पाचची खिडकी म्हणजे वीस चौरस फूट. बाथरूमसारख्या छोट्या खिडकीलाही बऱ्याच ठिकाणी ठरावीक किमान क्षेत्रफळाचं बिल लावतात, ते आधी विचारून घ्या. माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. चौकटीच्या आत बसवायचं तर सगळ्यात लहान माप धरायचं. बाहेरून बसवायचं तर दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त, नाहीतर कडेनं उन्हाची रेघ येते.

पावसाळा आणि पूर

कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे चार महिने ओल. मुंबई-पुण्याचे सल्ले वाचून इथे चालत नाही. रोमन ब्लाइंड दिसायला देखणं, पण त्याच्या घड्या वर गोळा झालेल्या असतात आणि त्यांत ओल धरते. ऑगस्टमध्ये घडी उघडली की काळे ठिपके. ही बुरशी म्हणजे आपल्या शास्त्राप्रमाणे अनंतकाय. एकदा धरली की ती काढणं म्हणजे हिंसा आलीच, आणि न काढावी तर घरात आजारपण. म्हणून ती धरूच नये याची काळजी घेणं हाच खरा यत्नाचार. पडदा भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे असू द्या, वारा फिरतो. पावसानं उघडीप दिली की पडदे पूर्ण ओढून ऊन लागू द्या. ओलसर भिंतीच्या खिडकीला कापडाऐवजी ॲल्युमिनियमच्या रुंद पट्ट्या बऱ्या, त्या फुगत नाहीत आणि कोरड्या फडक्यानं पुसता येतात. लाकडी पट्ट्या ओलीनं वाकतात.

आणि पुराचं विसरून चालणार नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, हा आकडा आता शाळकरी पोरंही सांगतात. नदीकडच्या भागात ज्यांची तळमजल्याची घरं आहेत त्यांनी जमिनीपर्यंत लोळणारे भारी पडदे आणि खालपर्यंत येणारी मोटरची ब्लाइंड यांत पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. साधा सुती पडदा दांडीवरून पाच मिनिटांत काढून माळ्यावर टाकता येतो. भिजलाच तरी धुऊन वाळवून परत लावता येतो. गाळानं भरलेल्या यंत्राचं तसं होत नाही.

दोरीकडे बघा

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती.

आपण मुंगी वाचवतो. पाणी गाळून पितो. आणि रांगत्या बाळाच्या पाळण्याशेजारी ब्लाइंडची साखळी लोंबत ठेवतो. ब्लाइंडची दोरी किंवा मण्यांची साखळी फासासारखी गोल असते. लहान मूल खेळता खेळता त्यात मान घालतं, पाय घसरतो, आणि आवाजही येत नाही. अमेरिकेत खिडकीच्या दोऱ्यांनी पाच वर्षांखालची सरासरी नऊ मुलं दर वर्षी दगावतात असं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं म्हणणं आहे. तिथे जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या मानकानं लोंबत्या दोऱ्यांची बहुतेक ब्लाइंड विक्रीतून बाद केली. आपल्याकडे दुकानात हा विषय कुणी काढत नाही, म्हणून आपणच काढायचा.

घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल, किंवा सुट्टीत नातवंडं येत असतील, तर बिनदोरीचं ब्लाइंड मागा. खालची पट्टी हातानं धरून वर-खाली होतं असं मिळतं. कांडी फिरवून चालणारंही मिळतं. आधीच साखळीचं लावलेलं असेल तर साखळी भिंतीला ताणून धरणारी क्लिप स्क्रूनं बसवून घ्या. दोरी असेल तर ती उंचावर खुंटीला गुंडाळा. आणि पाळणा, पलंग, खुर्ची यांतलं काहीही खिडकीखाली ठेवू नका.

स्वस्त व्हिनाइलच्या पट्ट्यांबद्दलही एक सांगते. १९९६ साली अमेरिकेच्या त्याच आयोगाला बाहेरच्या देशांतून आलेल्या व्हिनाइल ब्लाइंडमध्ये शिसं सापडलं होतं. उन्हानं पट्ट्या झिजून त्याची धूळ होत होती आणि मुलांच्या हातातोंडाला लागत होती. म्हणून ज्या पट्ट्यांना हात लावला की पांढरी पूड बोटाला येते, त्या जुन्या पट्ट्या मुलांच्या खोलीत ठेवू नका.

म्हाताऱ्या माणसांचाही विचार करा. सासू-सासऱ्यांच्या खोलीला 'दुपारी झोप लागावी' म्हणून पूर्ण काळोखाचं ब्लाइंड लावतात. दुपारी चारला जाग आल्यावर त्यांना सकाळ की संध्याकाळ कळत नाही. ज्यांचं आयुष्य सूर्यावर चाललं, उगवल्याशिवाय पाणी नाही आणि मावळल्यावर घास नाही, त्यांच्या खोलीतून सूर्यच काढून घेऊ नका. तिथे पातळ पडदा लावा, आणि तो त्यांना स्वतःच्या हातानं सरकवता येईल असा असू द्या.

एवढा विचार करायचा का?

कुणी म्हणेल, पडद्यात कसला आलाय धर्म? गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही हे आपण सगळ्याच जाणतो. घर झाडलं तरी होते, चूल पेटवली तरी होते. म्हणूनच श्रावकाला जपून वागायला सांगितलं आहे. रोज दोनदा, वर्षाला सातशे वेळा आपण खिडकीचा पडदा सरकवतो. एवढ्या वेळा होणारी गोष्ट एकदाच नीट निवडली तर पुढची दहा वर्षं जपणं आपोआप होतं.

आणि परिग्रहाचं काय? दर दिवाळीला पडदे बदलायची पद्धत कुठून आली कोण जाणे. सगळ्या खिडक्यांना एकच सेट हवा, हेही तसंच. उत्तरेला पातळ, पश्चिमेला पांढऱ्या पाठीचं रोलर, स्वयंपाकघरात अर्धा सुती, दिवाणखान्यात घट्ट विणीचं. चार प्रकार झाले तरी घर विस्कळीत दिसत नाही, रंग एका घरातले ठेवले की झालं. पाहुणे खिडक्या मोजत नाहीत.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी एक रविवार एवढंच करा. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, तीन वेळा प्रत्येक खोलीत उभं राहा. ऊन कुठपर्यंत आलं ते जमिनीवर खडूनं रेघ मारून ठेवा. घरातल्या मुलांना बरोबर घ्या, सासूबाईंना त्यांच्या खोलीबद्दल विचारा. मग दुकानदाराला बोलवा आणि त्याला त्या रेघा दाखवा. तुम्ही काय ठरवलंत ते मला जरूर कळवा, विशेषतः स्वयंपाकघराचं.

जय जिनेंद्र.